वाढत्या अंगाचा कॉम्प्युटर

बारावीनंतर मी मंडणगडकडच्या आमच्या गावातून ठाकुर्लीला दादाकडे राहायला आलो. कॉलेज सुरू होण्याआधी त्याने मला कपडे शिवले ते वाढत्या अंगाचे. पँट कमरेला सैल आणि खाली पायाशी चांगली वीतभर आत दुमडलेली. शिंप्याने विचारलं, एवढं कापड आत कशाला ठेवायचं, पोरगा आता किती वाढणार? दादा म्हणाला, "वाढेल. नाही वाढला तर कापड कुठे पळून जातंय?" मी फारसा वाढलो नाही. पँट विटली, पण आतली दुमड शेवटपर्यंत नवी कोरी राहिली.

पुढे नव्वदीच्या शेवटी शेवटी मी दादासाठी कॉम्प्युटर जुळवायला घेतला, तेव्हा माझ्या डोक्यात ती पँट होती.

वडील लवकर गेले होते. दादा दहावी करून ठाण्याला आला, कोलशेतच्या एका रसायनांच्या कंपनीत हेल्पर म्हणून लागला आणि हळूहळू फिटर झाला. तो माझ्याहून बराच मोठा, त्यामुळे त्याला मी कधी भाऊ म्हणून पाहिलंच नाही, वडीलच म्हणा. मी आलो तेव्हा त्याचं लग्न झालेलं होतं. एक खोली आणि स्वयंपाकघर एवढ्या जागेत वहिनीने मला कुरकुर न करता सामावून घेतलं. मी बी.एस्सी. झालो. आमच्या घरातला पहिला पदवीधर. निकालाच्या दिवशी दादा दुसऱ्या पाळीला पेढ्यांचा पुडा घेऊन गेला आणि कंपनीच्या गेटवरच्या वॉचमनपासून सगळ्यांना वाटून आला, असं नंतर त्याच्याच एका सोबत्याने मला सांगितलं.

त्या दिवसापासून घरात एक रीत पडली. कुठलीही गोष्ट ठरवायची वेळ आली की दादा माझ्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "तू सांग. तू शिकलेला आहेस." फ्रीज कुठला घ्यायचा, त्याच्या मुलीला कुठल्या माध्यमात घालायचं, वहिनीचं पित्ताशयाचं ऑपरेशन करायचं की थांबायचं, सगळं मी सांगायचं. ऑपरेशनचं मी काय सांगणार? पण दोघंही माझ्या तोंडाकडे बघत बसलेले. मी करा म्हटलं, आणि त्यांनी केलं. ते नीट पार पडलं हे माझं नशीब. पण त्यानंतर तर माझा शब्द म्हणजे शेवटचाच झाला. दादाने घरातलं मोठेपण असं बसल्याजागी माझ्या हवाली केलं होतं, आणि मला ते परत कसं करायचं हे कळत नव्हतं.

दादाला एकच शौक मी पाहिलेला. मी नवीन आलो तेव्हा डोंबिवलीत स्टेशनच्या पूर्वेला एका गाळ्यात नाणं टाकून खेळायची व्हिडिओ गेमची यंत्रं होती. रविवारी दादा तिथे जायचा. एकदा मलाही घेऊन गेला. आत अंधार, घामाचा वास आणि टिंग टिंग आवाज. सगळी कॉलेजची पोरं, आणि त्यांच्यात हा मिशीवाला बाप्या, जीभ दातात धरून विमान उडवतोय. पोरं त्याला "काका, उतरा आता, नंबर आहे" म्हणून चिडवत होती. हा ढिम्म. विमान पडलं की लहान मुलासारखा माझ्याकडे बघून हसायचा. माझी दुसऱ्या वर्षाची फी भरायची वेळ आली, तेव्हा तो रविवारी ओव्हरटाइमला जायला लागला आणि तो गाळा सुटला. का सुटला, हे कोणी बोललं नाही. मीही विचारलं नाही. विचारण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

मला ठाण्यात एका कंपनीच्या ऑफिसात नोकरी लागली. तिथे कॉम्प्युटरचा विभाग नवा होता. यंत्रं बिघडायची, बाहेरचा माणूस यायचा नाही, मग माझा एक सहकारी आणि मी ती उघडायचो. असं करत करत मला भाग ओळखता यायला लागले. घरी परतताना मनात एकच यायचं, की असं एक यंत्र आपण जुळवायचं आणि दादाला त्यावर विमान उडवू द्यायचं. नाणं नको, रांग नको, मागून कोणी काका म्हणायला नको.

बेताच्या खर्चात खेळायचं यंत्र करायचं तर पैसे कुठे घालायचे आणि कुठे राखायचे हे ठरवावं लागतं. माझं गणित साधं होतं. जे नंतर बदलता येत नाही ते आधी चांगलं घ्यायचं: मदरबोर्ड, पॉवर सप्लाय आणि उंच टॉवर कॅबिनेट. जे नंतर बदलता येतं ते सध्या साधं चालेल. प्रोसेसर स्वस्तातला, पण त्याच बोर्डावर पुढे त्याहून चांगला बसवता येईल असा. रॅमची एकच पट्टी, बाकीच्या खाचा रिकाम्या. डिस्प्ले कार्ड अगदी साधं, आणि तेही मुद्दाम बाजूच्या साध्या खाचेत. खेळातलं चित्र न अडखळता हलावं म्हणून जे थ्रीडी कार्ड मिळायला लागलं होतं, त्याची खास खाच मी मोकळी ठेवली. साउंड कार्ड मात्र घेतलं. विमानाला आवाज हवा.

मुंबईत कॉम्प्युटरचे सुटे भाग मिळायचे त्या लॅमिंग्टन रोडला माझ्या कित्येक सुट्ट्या गेल्या. एकेक भाग घेऊन यायचा आणि कपाटात वहिनीच्या साड्यांमागे ठेवायचा. वहिनीला सगळं ठाऊक होतं. उलट तीच म्हणाली की पाडव्याला करा, मुहूर्त चांगला आहे, आणि त्यांना सांगू नका.

पाडव्याला गुढी उभारून झाल्यावर मी खोलीत वर्तमानपत्रं पसरली आणि एकेक भाग मांडला. दादा समोर येऊन बसला. कशासाठी हे कळल्यावर तो उठून आपला स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आला. मी भाग बसवायचे, त्याने स्क्रू आवळायचे, असं आमचं काम चाललं. मधेच त्याने कॅबिनेटमध्ये डोकावून पाहिलं.

"एवढं मोठं खोकं, आणि आत एवढंसंच?"

मी सांगितलं की पुढे वाढवता येईल. रॅम वाढवू, डिस्क वाढवू, चांगलं कार्ड घालू, जागा आत्ताच करून ठेवलीय.

"म्हणजे वाढत्या अंगाचं घेतलंस," दादा म्हणाला, आणि आम्ही दोघंही त्या पँटच्या आठवणीने हसलो.

विमानाचा खेळ मी ऑफिसातल्या सहकाऱ्याकडून आणला होता. त्यात गोळ्या नव्हत्या, शत्रू नव्हता. नुसतं विमान धावपट्टीवरून उचलायचं, न्यायचं आणि उतरवायचं. दादा आयुष्यात विमानात बसलेला नव्हता. जॉयस्टिक हातात आल्यावर त्याची जीभ आपोआप दातांत गेली. मी वहिनीकडे पाहिलं. ती दारात उभी राहून पदराने डोळे पुसत हसत होती. माझं काहीतरी फिटलं असं मला त्या दिवशी वाटलं. असं वाटणं किती चुकीचं होतं, ते पुढे कळलं.

पहिले दोन-तीन महिने तो सुट्टीच्या दिवशी तासभर उडवायचा. मग कंपनीला टाळं लागलं. कोलशेतच्या बाजूला तेव्हा असं एकेक होत होतं, त्यामुळे धक्का बसला असं नाही म्हणता येणार. पण होणार आहे हे माहीत असणं वेगळं आणि सकाळी डबा न भरणं वेगळं. शेवटच्या दिवशी दादा आपली स्वतःची हत्यारं कापडी पिशवीत घालून घरी घेऊन आला. पाने, कानस, हातोडी, मापं घ्यायचा व्हर्नियर. पिशवी त्याने माळ्यावर टाकली.

आणि तो कॉम्प्युटरसमोर बसला.

सुरुवातीला आम्हाला बरंच वाटलं. इतर घरांतले लोक नाक्यावर बसत होते, कोणी पीत होते. हा घरात आहे, डोकं गुंतलेलं आहे. मीच वहिनीला म्हटलं की बसू दे, मन रमतंय. मीही चांगल्या मनाने रॅमची आणखी एक पट्टी आणून बसवली. हळूहळू तो आंघोळीआधी बसायला लागला. मग जेवण तिथेच. एका हातात भाकरी आणि एका हातात जॉयस्टिक. मुलगी शाळेतून आली की तिला हळू बोल म्हणायचा, "उतरतोय". ती आईला सांगायची, "थांब, बाबा विमानतळावर आहेत." आधी आम्ही याला हसायचो.

दादाच्या हाताखाली शिकून पुढे दुसरीकडे फोरमन झालेला एक माणूस होता. त्याने अंबरनाथला स्वतःचं छोटं वर्कशॉप काढलं होतं. त्याने निरोप पाठवला की दादा या, तुमच्यासारखा हात मला हवाय, दसऱ्यापर्यंत कळवा, नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल. दादा बघू म्हणाला. वहिनीने विचारलं, तिलाही बघूच म्हणाला. मी विचारलं नाही. मोठ्या भावाला कामाला जा असं कसं सांगायचं? ज्याने मला शिकवण्यासाठी रविवार घातले, त्याला मी, नोकरीवाल्याने, तू बसलायस असं सांगायचं? आणि मला दुसरंही एक कळत होतं. ज्याला आपण पाना धरायला शिकवलं त्याच्याकडे पगारावर जायचं, हे त्याला जड जात होतं. विमान उडवताना त्याला कोणाच्या हाताखाली जावं लागत नव्हतं.

नवरात्र बसलं आणि दादाने माझ्याकडे एक गोष्ट मागितली. उतरताना धावपट्टी जवळ आली की चित्र अडखळायचं, विमान धक्के खात खाली यायचं. "ती खाच मोकळी ठेवलीयस ना तू, कार्डाची," तो म्हणाला. "दसऱ्याला आणशील का? मग बघ कसं उतरवतो." माझ्या आठवणीत त्याने माझ्याकडे स्वतःसाठी काही मागण्याची ती पहिली वेळ. मी लगेच हो म्हटलं. कार्ड कुठलं, कुठे मिळेल, सगळं मला पाठ होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा घ्यायला स्वयंपाकघरात गेलो. वहिनी पोळी लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "भावजी, ते कार्ड नका आणू."

मी म्हटलं, दादाने मागितलंय.

"म्हणून तर सांगत्ये. मी सांगून ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील."

मी डबा घेऊन निघालो. ती रिकामी खाच मीच ठेवली होती. पुढे वाढवता यावं म्हणून ठेवलेल्या जागेत आता काय वाढत चाललं होतं ते मला दिसत होतं, आणि तरी त्याला नाही म्हणायचं माझं धाडस नव्हतं.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. दादा कंपनीत असताना आदल्या दिवशी पिशवी घरी आणायचा. पाटावर त्याचे पाने, वहिनीची विळी आणि सुरी, माझा कॅल्क्युलेटर, मुलीचा कंपास. हळद, कुंकू, झेंडू, नैवेद्य. पूजा झाली की त्या हत्यारांना त्या दिवशी हात लावायचा नाही, त्यांना विश्रांती. भाजीसुद्धा आदल्या दिवशीच चिरून ठेवलेली असायची.

त्या वर्षी पिशवी वहिनीने स्वतः माळ्यावरून काढली. पान्यांवर पावसाळ्याचा गंज चढला होता. तिने तो रॉकेलच्या फडक्याने घासून काढला. दादा तिच्याकडे पाठ करून बसला होता, स्पीकरमधून इंजिनाची घरघर चालू होती. तिने हाक मारल्यावर तो विमान तसंच हवेत सोडून आला. सरळ उडत राहील असं ते ठेवता यायचं.

पाट मांडलेला पाहून तो बसला. वहिनीने पान्यांना कुंकू लावलं, विळीला लावलं, कॅल्क्युलेटरला लावलं. ताटली खाली ठेवणार तेवढ्यात दादा कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरकडे हात करून म्हणाला, "त्यालाही लाव की."

मुलगी पटकन म्हणाली, "बाबा, पूजा केलीत तर आज हात लावता येणार नाही हां."

दादा हसला. "मग राहू दे, उद्या लावू."

मीही हसलो. वहिनी हसली नाही. तिने ताटली पाटाशी ठेवली आणि शांतपणे म्हणाली, "पूजा हत्याराची असते. खेळण्याची नसते."

"अगं, हा ऑफिसात त्याच्यावरच काम करतो. त्याचं पोट त्याच्यावर आहे. हत्यारच ते."

"ऑफिसातलं असेल. हे नाही."

दादाचा चेहरा चिडलेला नव्हता. त्याला खरंच हे ठरवून हवं होतं. तो माझ्याकडे वळला. "तू सांग. तू शिकलेला आहेस. हत्यार की खेळणं?"

मला पळवाटा होत्या. घरी ऑफिसचं काम आणेन म्हणता आलं असतं. पुढे मुलीला उपयोगी पडेल म्हणता आलं असतं. दोन्ही खोटं नव्हतं. वहिनी माझ्याकडे बघत नव्हती. ती झेंडूची एक पाकळी पाटावरून उचलून परत पाटावर ठेवत होती. पाने घासून चकचकीत झालेले, त्यांच्यावर ओलं कुंकू.

"खेळणं आहे, दादा," मी म्हणालो. "मी तुला खेळायलाच आणलेलं."

दुसरं वाक्य मी त्याला बरं वाटावं म्हणून जोडलं होतं. पण ऐकलं गेलं ते पहिलं.

"बरं," दादा म्हणाला. डॉक्टरने रिपोर्ट वाचून सांगितला की तो जशी मान हलवायचा, तशी त्याने मान हलवली. उदबत्ती ओवाळली, नमस्कार केला. मग उठून कॉम्प्युटरपाशी गेला आणि मी शिकवलं होतं तसं, एकेक पायरी करत, नीट बंद केला. घरघर थांबली. बंद झालेल्या पडद्याकडे बघतच तो म्हणाला, "ते कार्ड आणू नकोस आता. राहू दे."

दसऱ्याला संध्याकाळी दादा धुतलेला शर्ट घालून, आपट्याची पानं खिशात घेऊन अंबरनाथला गेला. सोनं द्यायला धाकट्यांनी मोठ्यांकडे जायचं असतं. हा स्वतः आपल्या हाताखाली शिकलेल्या माणसाच्या घरी गेला. परत आला तेव्हा सोमवारपासून या म्हणालाय, एवढंच त्याने सांगितलं. वहिनीने मला स्वयंपाकघरातून हळूच म्हटलं, "बरं झालं बोललात, भावजी." तिच्या बाजूने ते अगदी खरं होतं. घर सावरलं. ज्याला ज्याला मी हे पुढे सांगितलं तो म्हणाला, योग्यच केलंस. मलाही तसंच वाटतं. तरी ते टोचत राहतं. त्या माणसाने आयुष्यात दोनदा खेळ सोडला आणि दोन्ही वेळा कारण मीच. पहिल्यांदा त्याने न सांगता सोडला. दुसऱ्यांदा मला विचारून, माझ्या एका शब्दावर.

त्यानंतर तो त्या खुर्चीवर बसला नाही. मी रविवारी म्हणायचो, दादा, ये, एक चक्कर मार. तो म्हणायचा, डोळे दुखतात रे, तू उडव. मी उडवून पाहिलं. मला ते विमान कधी धड उतरवता आलं नाही. मग मुलीने तिथे शाळेचं काहीबाही टाइप करायला सुरुवात केली, शिकवणीतल्या मैत्रिणी यायला लागल्या. कार्डाची खाच रिकामीच राहिली.

पुढच्या खंडेनवमीच्या आदल्या दिवशी दादाने पिशवी वर्कशॉपमधून आणली. पाने घासावे लागले नाहीत, वापरातले होते. मी मनात ठरवलं होतं की आज पूजा झाली की त्याला बसवायचंच. सुट्टी आहे, सगळे घरात आहेत, आणि आता त्यात कोणाला भीती वाटण्यासारखं काही उरलेलं नाही. खेळ मी आधी सुरू करून बघूनही ठेवला होता.

वहिनीने पान्यांना कुंकू लावलं, विळीला लावलं. मग ताटली घेऊन उठली, कोपऱ्यात गेली आणि टॉवरच्या कपाळावर बोट टेकवून त्यालाही कुंकू लावलं. वर झेंडूचं फूल ठेवलं.

"खेळण्याला कशाला?" दादा हसून म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. तसा तो कधी बोलायचाच नाही.

"असू दे हो. पोरीचा अभ्यास होतो त्याच्यावर."

"मग आता हत्यार झालं म्हणायचं," दादा म्हणाला, आणि सवयीने माझ्याकडे बघून थांबला. तू सांग, हे शब्द त्याने उच्चारले नाहीत, पण तो थांबला होता.

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो? वहिनीने इतक्या मनाने कुंकू लावलं होतं.

पूजा झालेली, त्यामुळे त्या दिवशी मग कॉम्प्युटरला कोणी हात लावला नाही. दादा दुपारी जेवून खिडकीपाशी पेपर घेऊन बसला, आणि थोड्या वेळाने बसल्या बसल्याच त्याला झोप लागली.